हिरव्याला भिणाऱ्या बाई

कुंडीतलं रोप पिवळं पडलं की जगाच्या पोटात गोळा येतो. आमच्या दातारबाईंच्या पोटात तो रोप हिरवंगार दिसलं की यायचा. सांगलीच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. पहिल्याच दिवशी त्यांच्या कुंड्यांतले मरतुकडे कांदे पाहून मी म्हटलं, "बाई, यांना थोडं खत हवंय." त्या दचकून कुंड्यांच्या आड येऊन उभ्या राहिल्या. "खताचं नावसुद्धा काढू नकोस इथे!"

तशा त्या भित्र्याच. पालीला भ्यायच्या, कृष्णेच्या चढत्या पाण्याला भ्यायच्या, प्राचार्यांचं तर विचारूच नका. पण कुंड्यांची भीती निराळी होती. त्या कांद्यांच्या मुळांत एक बुरशी राहायची. मुळांच्या हाताला न लागणारं मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ती ओढून आणायची आणि बदल्यात रोपाकडून साखर घ्यायची. माती गरीब असेल तोवरच हा संसार चालतो. खतातून स्फुरद आयतं मिळालं की रोप तिला दार लावून घेतं. "घरात नळ आला की पाणक्याला कोण विचारतं?" बाई म्हणायच्या. बुरशी बाटलीत वाढत नाही, जिवंत मुळातच जगते. बाईंनी ती आपल्या गावाहून, औंधच्या डोंगरउतारावरल्या एका बोरीखालून आणली होती. पुढे तो उतार खडीसाठी फोडला गेला. "गेली तर पुन्हा आणायची कुठून?" हे त्या जेवतानाही म्हणायच्या. आम्ही मागून हसायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाई औंधला गेल्या. परत आल्या त्या दिवशी मी त्यांच्याबरोबरच काचघरात शिरले. कांद्याच्या पाती गुडघ्याला लागतील एवढ्या वाढल्या होत्या, काळ्याभोर हिरव्या. बाईंनी माझं मनगट धरलं.

आमचे माळी महादूमामा पलटणीतून निवृत्त झालेले, घरचे ऊसवाले. ते हौसेनं पुढे आले. "कशी तरारली बघा!"

"मामा, काय घातलंत?"

"सुपर, उसाला घालतो त्येच खत. लय न्हाई, मूठ-मूठ. आवं बाई, उपाशी जीव बघवंना मला. तुमी गावाला, तवा म्हटलं सणाला ह्यांनी तरी पोटभर खावं."

आम्ही मुळं उपटली, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळली, निळ्या रंगात बुडवली. बुरशी असेल तर मुळांत निळे धागे दिसतात. पहिली कुंडी कोरी. दुसरी कोरी. पुढच्या काचपट्ट्या मी एकामागून एक लावत गेले. दाराशी मामा टोपी हातात घेऊन उभे होते. एकेक कुंडी संपत गेली. शेवटच्या कुंडीतल्या एका मुळात मला काहीतरी पुसट दिसलं. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि किती तरी वेळ उचललाच नाही.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण धरून राहील का गं?"

ती मुळं आणि त्यांच्याभोवतीची थोडी माती त्यांनी खतावाचूनच्या वाळूत घातली आणि वर नवं बी पेरलं. तो सबंध हिवाळा आम्ही भीतच काढला. मुळं पाहायची तर रोप उपटावं लागे, आणि उपटलं की तेवढं कमी होई. काचघरात शिरताना पाती हिरव्या तर झाल्या नाहीत ना, हे मीही आधी बघू लागले. मामा तर कुंडीजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जायचे. "हाताचा भरवसा न्हाई," म्हणायचे. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा कुठे मुळांत निळे धागे दाट दिसले. बाई त्या दिवशीही हसल्या नाहीत. "आता जास्त जपायला हवं," एवढंच म्हणाल्या.

काही वर्षांनी बाई मिरजेला दवाखान्यात पडल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. मरणाचं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. मी आणि मामा भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, "कांदा कसा आहे?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीत जपून ठेवलेली कांद्याची पात त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवली.

"पिवळा हाय, बाई. लय पिवळा."

"मुळं पाहिलीस?" बाईंनी मला विचारलं.

"सकाळीच पाहिली. निळी भरलीत."

बाईंनी पातीवर मूठ मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती भीती आता माझ्याकडे आली आहे.