एकटीच्या मापाची कयाक

औष्णिक वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं पाणी तपासलं. बॉयलरचं पाणी, कूलिंग टॉवरचं पाणी, नाल्याचं पाणी. पाण्यात उतरायला मात्र सवड मिळाली नाही. निवृत्तीनंतर ऊर्जानगरचं क्वार्टर सोडून आम्ही नवरा-बायको वैनगंगेच्या काठी, माझ्या माहेरच्या गावी राहायला आलो, तोवर गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा आणि वजनही कमी करा. दोन्ही एकदम कसं करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गुडघे गेल्याचं मला तेवढं दुःख नव्हतं. नवऱ्याने माझं कोपर धरायला सुरुवात केली, त्याचा राग होता. ओसरीची पायरी आली की कोपर, बस आली की कोपर, विहारात वंदना संपून उठायचं झालं की कोपर. बरं, प्रेमाने धरायचा, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती. दोन वर्षांत मी एकटी अशी कुठेच गेले नव्हते. मला एकटीला कुठेतरी जायचं होतं, बस, एवढंच.

खांदे शाबूत होते. खाली बॅरेजचा बांध झाल्यापासून गावाजवळ नदी तलावासारखी पसरली आहे आणि दुपारी वारा सुटला की तिच्यावर चांगल्या लाटा उठतात. मोबाइलवर मी समुद्रकिनाऱ्याने जाणाऱ्या बायका पाहिल्या. लांबट होडीत पाय पसरून बसलेल्या, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत, एकेकट्या. त्या होडीला कयाक म्हणतात, आणि समुद्राची कयाक वेगळी येते, हेही कळलं. समुद्र आमच्यापासून लांब, पण लाट ती लाट. गुडघ्यांना काम नाही आणि खांद्यांना भरपूर. मी ठरवून टाकलं.

आता नवऱ्याची गोष्ट सांगायला हवी. तो त्याच वीज केंद्राच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालेला. तिथे परमिट लिहिल्याशिवाय कुणी मशीनला हात लावत नाही. ही सवय त्याने घरी आणली. पंखा पुसायला स्टुलावर चढायचं असलं तरी वहीत लिहिणार: काम काय, धोका काय, सुटका कशी. माझंही परमिट लिहिलं. ‘सुटका कशी’समोरची जागा रिकामी ठेवून म्हणाला, “एकटी जायचं, तर एकटीच वापस येता आलं पाहिजे. खोल पाण्यात उलटायचं, कोनी हात लावनार नाई, आन् स्वतःच चढून दाखवायचं. मंग सही करतो. नाईतर मी रोज तुह्या मागं डोंगा घेऊन येईन.”

मागे लाकडी डोंगा वल्हवत नवरा! म्हणजे पाण्यावरसुद्धा कोपर.

एका तलावावरचं जलक्रीडा केंद्र बंद करणारा माणूस हिवाळ्यातल्या एका रविवारी पिकअपमध्ये तीन कयाक टाकून विकायला आमच्या घाटावर आला. एक पांढरी, रुंद. एक पिवळी, अंगभर ओरखडे पडलेली. आणि एक लाल, लांब, निमुळती, चकचकीत. लाल पाहिली आणि बाकीच्या दोन मला दिसेनाशाच झाल्या.

जाणकार म्हणून आमच्या शेजारचे ढिवर भाऊ आले होते. जन्मभर डोंग्यातून जाळं फेकलेला माणूस. त्यांनी लालीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “बाई, डोंगा घेताना आंधी त्यात उभं राहून पाहा लागते. जो उभ्या मानसाले झेलत नाई, तो जाळं फेकनाऱ्याले काय झेलन?”

मी याच काठावर वाढले. आमच्याकडे डोंगा असाच पारखतात, मुलगी पाहताना तिला चहा करायला सांगतात तसा. मला काही म्हणजे काही खटकलं नाही. लाइफ जॅकेट घालून मी लालीत बसले. भाऊंनी आपल्या डोंग्याने मला खोलात ओढत नेलं आणि मी उभी राहायला लागले. काठावरून विक्रेता ओरडला, “ताई, याच्यात बसतात, उभे नाई राहत...” तो बोलत असतानाच मी पाण्यात गेले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. माझ्या गुडघ्यांना बाशिंगही पेललं नसतं.

पडण्याची लाज वाटली नाही. पण चढायला गेले, तर लाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याने भरलेली. मी अंग टाकलं की ती माझ्यासकट खाली जायची. आतून सगळी पोकळ, मध्ये आडभिंतच नाही. शेवटी भाऊंच्या डोंग्याला लटकून काठावर आले. नवऱ्याने वही मिटली. मला इतका संताप आला की ओल्या कपड्यांनिशीच म्हटलं, “पुढची टाका पाण्यात.”

आता मला अक्कल आली होती. होडी उभ्या माणसाला झेलते का, हा माझा प्रश्नच नव्हता. पडलेल्या बाईला ती परत घेते का, एवढंच बघायचं होतं. पांढरीवर तर बाजेवर चढावं तशी चढले. पण वारा सुटला होता, आणि ती मन मानेल तिकडे तोंड फिरवायची. व्यायाम झाला असता, पोचले कुठेच नसते.

पिवळीला पुढे-मागे झाकणं होती. झाकणांखालचे दोन्ही कप्पे बंद, त्यामुळे उलटली तरी पाणी फक्त बसायच्या जागेत शिरणार. कडेने धरायला दोरी. वाऱ्यातही सुतासारखी सरळ चालली. विक्रेत्याने युक्ती सांगितली: शेपटीकडून पोटावर चढायचं, पालथं पडून पुढे सरकायचं आणि जागा आली की बसायचं. गुडघ्यांचं यात कामच नव्हतं.

खोलात गेल्यावर मी तिला मुद्दाम उलटवली. पहिल्यांदा चढताना घसरले. दुसऱ्यांदा चढले आणि पलीकडून पडले, नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्यांदा दोरीला लोंबकळत धापा टाकत राहिले. आता जमणार नाही, आयुष्यभर मागे डोंगा येणार, असं वाटून मला रडू फुटलं.

“राहू द्या बाई, थकल्या तुमी,” म्हणत भाऊंनी डोंगा माझ्याकडे वळवला.

तेवढ्यात काठावरून माझा नवरा केवढ्यांदा ओरडला! “भाऊ, हात नका लावू तिले! चढून राह्यली ते!”

खरं म्हणजे मी तेव्हा चढत बिढत नव्हते, नुसती लटकून रडत होते. पण माझ्या बाजूने असं ओरडताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. मी दोरी सोडून शेपटीकडे गेले, पाय झाडले आणि पोट होडीवर टाकलं. ती डुचमळली. मी गाल टेकवून तशीच पडून राहिले. मग वीतवीत सरकले आणि धपकन जागेवर बसले. होडीतच बांधलेल्या हातपंपाने पाणी उपसून काढलं.

घाटावर तो वही उघडून पेन शोधत होता. मी कशाला थांबते? सगळं अंग आनंदाने फुलून आलं होतं. मी दोरीत अडकवलेलं वल्हं उचललं आणि त्याची सही व्हायच्या आत पलीकडच्या काठाकडे निघाले.