ओलं पीठ

त्या पहाटे सारजा आणि मी ज्वारी दळत बसलो होतो. सारजा म्हणजे माझी बायको. जात्याचा खुंटा एकच. वर तिचा हात, खाली माझा. दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं. आता म्हातारा झालो. दुसरी केली नाही.

दळता दळता ती म्हणाली, "अवो, माह्या हातचं पीठ सगळ्याइले चालते. मंग त्यात पानी पडलं का काहून चालत नाही?"

मी म्हणालो, "गप दळ वं."

"आज पाहतेच मी," म्हणाली. आणि हसली.

हे केनवडच्या अलीकडच्या बरड माळावरचं सांगतो. इंग्रजाचं राज्य होतं. वाशिमचा एक बामण वकील ख्रिस्ती झाला. माडीचं घर, वकिली, बैलाची दमणी, सगळं सोडून माळावर येऊन राहिला. पहिले शिष्य राहत होते तसं राहू, म्हणे. जमीन सगळ्यांची. चूल एक. जात नाही. आमची मांगवाड्यातली चार घरं बाप्तिस्मा घेऊन त्याच्यामागं आली. वकीलसाहेब म्हणू नका, भाऊ म्हणा, असं त्यानं सांगितलं. आम्ही भाऊ म्हणालो. खोटं नाही बोलणार, माणूस कष्टाचा होता. आमच्या बरोबरीनं दगड फोडायचा. मैल्याची पाटी स्वतः डोक्यावर घ्यायचा. ते पाहून माझी माय रडली होती.

पण चूल वहिनीची. वहिनी म्हणजे भाऊची बायको. दळणं आमच्या बायकांनी, मळणं-थापणं तिनं. सारजा परातीजवळ गेली की ती गोड बोलायची, "राहू दे गं, दमली असशील." रोज. कोरडं पीठ आमच्या हातचं चाले. पाणी लागलं की विटाळ. हे तोंडानं कोणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

त्या दिवशी वहिनी उठायच्या आत सारजानं पीठ भिजवलं. टोपलंभर भाकरी थापल्या.

पंगत बसली. सारजाचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. वहिनीनं ते पाहिलं. भाऊच्या कानाशी वाकली. भाऊनं डोळे मिटले. मग म्हणाला, "आज आपण उपास करू. प्रभूनं मला तसं सुचवलं आहे."

आमच्याही लोकांनी हात मागं घेतले.

सारजा टोपल्यापाशी उभी. मोठ्यानं म्हणाली, "का बाप्पा! प्रभूलेही समजलं का, कोनं थापल्या थे?"



संध्याकाळी भाऊनं त्या भाकरी बैलांना घातल्या. अन्न वाया जाऊ नये म्हणून. स्वतः चुरून. सारजा दारातून पाहत होती. मला म्हणाली, "बैलाइले चालल्या."

एवढंच. दिवस मावळता मावळता तिला ताप भरला. गावोगाव साथ होतीच. उपाशी होती, मग पाणीही उतरेना. शनिवारी गेली.

भाऊनं खांदा दिला. माझ्यासोबत खड्डा खणला. मातीवर उभा राहून म्हणाला, "आमची बहीण आज प्रभूच्या मेजाशी बसली."

प्रभूच्या. तुझ्या नाही बसली. हे मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविवारचं प्रभुभोजन. मांडवात सगळे बसलेले. भाऊ भाकर मोडून एकेकाच्या हातावर ठेवत आला. माझ्यापुढं थांबला. मी हात पुढं केला नाही.

"भाऊ, हे भाकर कोनं थापली?"

वहिनीनं मान खाली घातली.

"माह्या सारजाची तुमाले चालली नाही. तुमची मले चालत नाही."

"ही प्रभूची आहे रे," तो म्हणाला. "मला नाही, तू त्याला नाकारतोस."

"त्याले नाही. तुमाले."

येशू मी सोडला नाही. अजून नाही. पण ज्याला माझ्या माणसाच्या हातचं ओलं चालत नाही, त्याच्या हातून देवही घ्यायचा नाही. हे तिथंच ठरलं.

उठलो. भाऊला वाटलं, मी निघून चाललो. कुठं जाऊ? जमीन सगळ्यांची, त्यानंच सांगितलं होतं. दगड मीही फोडले होते. त्यातलेच तीन उचलले, त्यांच्या चुलीसमोर मांडले आणि जाळ केला.