निळी झालेली नळी

प्रयोगातली नळी निळी झाली तशी सरांनी पेढे आणायला सांगितलं. मी बेसिनपाशी बाटल्या धूत होतो. पेढा मला पण दिला. मी तो कागदात गुंडाळून तसाच ठेवला.

त्या प्रयोगशाळेत मी अटेंडंट. चौथी शिकलेला, फुलंब्रीकडचा. वाडवडील मेंढरं राखायचे. पण माझ्याइतकी काच स्वच्छ धुणारा त्या इमारतीत दुसरा नव्हता, हे मी आजबी छातीठोक सांगतो.

रुबीना सरांच्या हाताखाली पीएचडी करायची, लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं यायची. फेलोशिप दिवाळीपर्यंत. तोवर काम झालं तर ठीक, नाहीतर घरी.

तिचं काम सोन्याच्या कणांचं. त्याला नॅनो पार्टिकल म्हणतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण पाण्यात असले की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. आपल्या पेशीच्या अंगावर साखर असते. चहातली नव्हे, वेगळी. कॅन्सरच्या पेशीवर तिची एक जात जास्त. हे कण त्या साखरेला धरतात, एकमेकाला चिकटतात, अन् लाल पाणी निळं होतं. निरोगी पेशीत लालच राहतं. एवढी सोपी तपासणी झाली असती तर गरिबाचं लई कल्याण झालं असतं.

पण हेच कण खारट पाण्यातबी चिकटतात. म्हणून डिस्टिल वॉटर लागतं, म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं पाणी. ते बनवताना थंड करायला नळ सारखा चालू ठेवावा लागतो. त्या वर्षी शहराला पाणी देणारा हर्सूलचा तलाव आटला. भोवती नव्या सोसायट्यांनी बोअर पाडले, आमचा बोअर कोरडा पडला. सरांनी डिस्टिल वॉटरचा प्लांट बंद केला आणि गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन आणवले. निरोगी पेशींच्या नळ्या आधीच झाल्या होत्या, आमच्या पाण्यात. कॅन्सरच्या झाल्या कॅनच्या पाण्यात.

पेढे आले त्याच दिवशी मी बाटली विसळताना बघितलं. तळाला राहिलेलं लाल पाणी, त्यात कॅनचं पाणी पडलं, अन् निळं झालं. पेशी नाही, काही नाही. म्हणजे कॅनचं पाणीच खारट.

"सर, एक नळी नुसत्या पाण्याची लावून बघा," मी म्हणालो.

"दगडूराव, तुमच्या चौथीला केमिस्ट्री होती का हो?"

सगळे हसले. रुबीनाबी हसली. ते मला लागलं.

आठवड्यानं ती एकटी बेसिनपाशी आली. "काका, एक विचारू? बाटल्या नीट धुतल्या होत्या ना?"

डोकंच फिरलं माझं. "माझ्या बाटलीत खोट निघाली तर नोकरी सोडीन."

"तसं नाही हो काका. निळं जरा जास्तच लवकर होतंय. मग दुसरं काय असेल?"

"चौथी शिकलेल्याला काय इचारतीस? तुझ्या सरांना इचार."

मी नळ्या पुसत राहिलो. मग ती गेली.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून एक मॅडम काम तपासायला आल्या. म्हणाल्या, "निरोगी पेशी याच कॅनच्या पाण्यात लावा." निळं झालं. "आता पेशी घालूच नका." तरी निळं.

सर म्हणाले, "मॅडम, अटेंडंट बाटल्या नीट धूत नाही."

मॅडमनी कोरी सीलबंद बाटली फोडायला लावली. त्यात कॅनचं पाणी घातलं, तरी निळंच.

तरी मला मेमो आला, काचसामान अस्वच्छ ठेवल्याचा. मी सही केली नाय. चौकशीच्या साहेबासमोर सांगितलं, "बाटली साफ होती, साहेब. पाणी खोटं होतं."

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

मी मेमो घडी करून खिशात घातला.

फेलोशिप संपली. रुबीना सामान न्यायला आली. "काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हय."

शेवटची बाटली तिनं स्वतःच धुतली, रॅकवर उपडी घातली, आणि स्टेशनला गेली. आता लासूरलाच शाळेत शिकवते म्हणतात. सर पुढं विभागप्रमुख झाले.

शिकायचं एवढंच. कुठल्याबी तपासणीत नुसत्या पाण्याची एक नळी आधी लावावी. आणि कुणी येऊन विचारलं, तर हसलं कोण होतं ते आठवत बसू नये. मेमो अजून माझ्या पेटीत आहे, बिनसहीचा. ती शेवटची बाटली धुवायला मी तिच्याकडून घ्यायला हवी होती, तेवढंबी मला सुचलं नाय.