अक्कांची छोटी वाटी

गूळ म्हणजे साखर नव्हे, मध म्हणजे तर औषधच, आणि खजूर उपासाला चालतो म्हणजे मधुमेहालाही चालणारच... असं मानणाऱ्या बायकांची मी एकेकाळी पुढारी होते. आमच्या अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, मधुमेह निघाला त्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासाठी मोठ्या ऐटीत ‘पथ्याचं’ आम्रखंड केलं. साखरेचा कणही नाही! त्याऐवजी भरपूर गूळ, वाटलेला खजूर आणि वरून मधाची धार. रंग असा आला की ते आंब्याचं आहे हे पानावर बसलेल्यांना सांगावं लागत होतं. तरी मी पातेलं घेऊन फिरत होते. “घ्या हो अक्का, यात काही नाहीच!” उभा जन्म बेंगळुरूत काढलेल्या अक्का कानडीत “साकु गं, साकु,” म्हणजे पुरे पुरे म्हणत वाटीवर हात आडवा धरायच्या आणि मी त्यांच्या बोटांच्या फटीतून वाढायचे. पुण्याच्या माहेरी मी हेच शिकले होते, की ‘नको’ हा पाहुण्याचा नुसता शिष्टाचार असतो, तो ऐकायचा नसतो. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टर चक्रावले. अक्का शांतपणे म्हणाल्या, “माझ्या भावजयीनं पथ्याचं खायला घातलंय. पथ्याचं नसतं तर काय झालं असतं बघा!”

त्या अक्का गेल्या महिन्यात गेल्या. बेंगळुरूच्या येलहंका भागातल्या आपल्या घरी, झोपेतच. पहाटे त्यांच्या मुलीचा, मेधाचा, फोन आला, “मामी, आई उठत नाहीये...” त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. मी पोचले तेव्हा अक्का अशा निजल्या होत्या, जणू कुणाची तरी मस्करी नुकतीच करून झालीय आणि आता हसू दाबून पडल्यात. वय झालं होतं, हृदय थकलं होतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. येणारा प्रत्येकजण म्हणत होता, किती सुखाचं मरण, कुणाकडून पाणीसुद्धा मागून घेतलं नाही. मी मान हलवत होते. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आदल्या संध्याकाळी मीच आम्रखंडाची वाटी पाठवली होती. आंबे त्या दिवशी विलक्षण गोड निघाले होते आणि बऱ्याच वर्षांनी माझा हात पुन्हा शिवशिवला होता. वाटी मी शीग लावून भरली होती.

ती वाटी मुळात अक्कांचीच. माझ्या त्या गूळ-खजुराच्या पराक्रमानंतर त्यांनी देवघरातली नैवेद्याची छोटी चांदीची वाटी आणून माझ्या हातात ठेवली होती. “हे माप, नलू. यात मावेल तेवढंच गोड. वर आग्रह केलास तर तुझ्याकडे जेवायला येणं बंद.” आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केलेली बाई, रेघ म्हणजे रेघ! मग त्यांनी मला शेजारी उभं करून आम्रखंड शिकवलं. घरच्या दह्याचा, रात्रभर टांगलेला घट्ट चक्का, त्यात पिकलेल्या आंब्याचा थोडा गर, वेलची, चिमूटभर मीठ. संपलं. मी विचारलं, “आणि गोडीला?” तर म्हणाल्या, “आंब्याला तू काय गोड करणार? तो गोडच असतो. तू फक्त मध्ये येऊ नकोस.” मी चाखलं आणि पुण्याची मान ताठ करून म्हटलं, “शेवटी हापूस तो हापूस!” मेधा खो खो हसत सुटली. मी पुण्याहून बसनं आणलेली पेटी कोपऱ्यात तशीच बंद होती. आंबा होता कोपऱ्यावरच्या गाडीवरचा, इथला कर्नाटकी बदामी... ज्याला मी इतकी वर्षं नाक मुरडत आले होते.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात वाटी दोन घरांत ये-जा करू लागली. ज्या दिवशी वाटी, त्या दिवशी अक्कांची पोळी अर्धीच. आणि रिकामं भांडं परत पाठवायचं नाही म्हणून वाटीतून कधी अंगणातला कढीपत्ता यायचा, कधी दोन मिरच्या, तर कधी नुसताच मेधाबरोबर निरोप : “वेलची जास्त झाली.”

दिवस झाले, माणसं पांगली, तरी मी मेधाला ते एक विचारू शकत नव्हते. आंब्याच्या गाडीवरून जाताना मान वळवून घ्यायचे. परवा मेधा आली. हातात ती वाटी, घासून लख्ख केलेली, आणि तीत कढीपत्त्याची डहाळी. ती पाहिली आणि माझा धीर सुटला. “मेधा, खरं सांग... त्या रात्री अक्कांनी ते सगळं खाल्लं का गं? मी फार भरलं होतं.” मेधा शेजारी बसली, माझा हात हातात घेतला, आणि डोळे भरलेले असतानाच तिला हसू फुटलं. ती जे बोलली ते ऐकून मी परवापासून शांत झोपते आहे. आज सकाळी चक्काही टांगला आहे. ती म्हणाली :

“मामी, दोन चमचे खाल्लं आईनं, डोळे मिटून, जिभेवर घोळवत. मग मला म्हणाली, ‘बाकीचं झाकून ठेव, आणि नलूला काही बोलू नकोस. उरलं म्हणालीस तर तिला वाटेल आवडलं नाही, आणि संपलं म्हणालीस तर उद्या पातेलं घेऊन येईल.’”