दुसरी फेरी

कडूबा पाण्याला भितो, हे मेहकरात कुणाला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं पत्रे ठोकलेला, अधिकाऱ्याला तोंडावर उलटं बोलणारा गडी. पण पैनगंगेच्या काठी गेला की पायाचा अंगठाही भिजू द्यायचा नाही. अशा माणसाने रिटायर झाल्यावर होडी बांधायला घ्यावी, तीही शिडाची, म्हणजे याचं डोकं फिरलं, असं शेजारच्या शेषरावांनी ठरवूनच टाकलं. मलकापुरात मोबाइलचं दुकान चालवणारा मुलगा राजकुमार होडीला 'यॉट' म्हणायचा. शेषराव डोंगा म्हणायचे. कडूबा आपला ठोकत राहायचा.

कारण होतं, पण ते घरात बोलायची पद्धत नव्हती. कडूबाच्या जन्माआधीची गोष्ट. बापाचं वावर नदीच्या पलीकडे. पावसाळ्यात नदी भरली की गूळ उकळायच्या काहिलीत बसून लोक पलीकडे जायचे. त्या दिवशी पाच माणसं बसली आणि काहील काठापर्यंत बुडाली. नऊ वर्षांची थोरली पोरगी, चांगुणा, अलीकडेच राहिली. बाप म्हणाला, "थांब इथंच. दुसऱ्या फेरीले नेतो तुले." काहील निघाली तशी तिने काठावरून तीनदा हाक मारली. "माय, मी येऊ का?" मायने तिन्ही वेळा सांगितलं, थांब. पलीकडे पोचेपर्यंत वरून लोंढा आला. दुसरी फेरी काही झाली नाही, आणि पोरगी कुणाला पुन्हा दिसली नाही.

तिच्यामागून झालेले दोन मुलगे वर्षाच्या आत गेले. तिसरा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलला, मायने सूपभर कोंडा देऊन परत घेतला आणि नाव ठेवलं कडूबा. कडू वस्तूला कोण हात लावतो? वर त्याच्या मायने, मनकर्णाबाईने, दोन नेम घालून दिले. चांगुणाचं नाव पाण्याजवळ घ्यायचं नाही. आणि नदीवर कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, तिसरीला त्याला दम पुरत नाही, असं ती म्हणायची.

नव्वदी पार करून मनकर्णाबाई गेली. शेवटचे आठ दिवस एकच विचारत होती, "दुसरी फेरी झाली का रे?" कडूबाने पाय चेपले, पाणी पाजलं. तेरवी झाली आणि त्याने होडीचं काम काढलं.

काम मात्र पक्कं. पाच माणसांच्या वजनाची वाळूची पोती होडीत भरून त्याने ती पाण्यात सोडली, आणि पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून लाल रेघ ओढली. रेघ बुडाली की समजायचं, माणूस जास्त झालं. त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगाने त्याने पुढच्या बाजूला नाव लिहिलं: चांगुणा. मायचा पहिला नेम त्याने असा स्वतःच्या हाताने मोडला. माय असती तर या वयातही कानफटात बसली असती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळे निघाले. कडूबा, बायको रुख्मिणी, राजकुमार, सून पुष्पांजली आणि सात वर्षांची नात प्राची. भाकरी, वांग्याचं भरीत, तिळाच्या पोळ्या. जाकिटं सगळ्यांच्या अंगात होती, पण पोहायला एकट्या राजकुमारला यायचं. खाली धरण झाल्यापासून नदी इथे तळ्यासारखी पसरली होती. शिडात वारा भरला, होडी मधाळ उन्हात सरसर निघाली, आणि कडूबाला अडुसष्ट वर्षांचं घरातलं दुखणं हलकं झाल्यासारखं वाटलं.

प्राचीने पुढे बसून नाव वाचलं होतं. घोड्याला हाकावं तशी ती ओरडली, "चांगुणा, चाल! चांगुणा, चाल! चांगुणा, चाल!"

तीनदा. कडूबाच्या हातातलं सुकाणू गार पडलं.

वारा थांबला. होडीचं नाक अलगद खाली गेलं आणि वर आलं, कुणी काठावरून पाय टाकून बसावं तसं. पाण्यावर कुठेही चूल नव्हती, पण उकळत्या गुळाचा वास आला.

"गूळ कोण शिजवून राह्यलं इथं?" पुष्पांजली म्हणाली.

कडूबाने वाकून पाहिलं. लाल रेघ पाण्याखाली दोन बोटं. त्याने डबे उचलले, तळ चाचपला. आत थेंबभर पाणी नव्हतं. मग त्याला दिसलं की प्राची फळीच्या एका कडेला सरकून, फ्रॉक आवळून बसली आहे.

"काऊन सरकली वं?" रुख्मिणीने विचारलं.

"तिले बसाले जागा देली," प्राची म्हणाली.

रुख्मिणीने नातीला मांडीवर ओढून घेतलं. राजकुमार हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. "आबा, फिरवा. घरी जाऊ," तो म्हणाला आणि वल्हं मारून त्यानेच नाक मेहकरच्या काठाकडे वळवलं. तशी होडी खाली बसू लागली. चार बोटं. सहा. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं वजन कुठून असणार! आता पाणी होडीच्या काठापासून वीतभर उरलं. पुष्पांजली देवाचं नाव घेऊ लागली. कडूबाची नजर नातीवर होती. एक पोर या नदीने नेली होती, दुसरी मीच आणून दिली की काय, असं त्याच्या मनात आलं.

मग त्याला कळलं. थोरली पोरगी घरी जायला बसलीच नव्हती.

"थांब बे," तो राजकुमारला म्हणाला. "वल्हं दे इकडं. पलीकडं जायचं."

"आबा, पलीकडं दुप्पट लांब हाय. बुडू आपण."

"अलीकडं गेलो तर बुडू."

राजकुमारने वल्हं दिलं. कडूबाने नाक पलीकडच्या काठाकडे केलं आणि मायचा नेम पुन्हा एकदा मोडला, या वेळी तोंडाने. रिकाम्या फळीकडे बघून तो म्हणाला, "चांगुणाबाई, ही दुसरी फेरी हाय. उशीर झाला, पण आलो. बस नीट."

होडी दोन बोटं वर आली. पुढचा अर्धा तास वल्ह्याचा आवाज तेवढा होता, आणि गुळाचा वास.

पलीकडे बाभळींखाली होडी टेकली. बापाचं वावर कधीच विकलं गेलं होतं, पण बांधावरचं आंब्याचं झाड तिथेच होतं. कडूबा जन्मात पहिल्यांदा गुडघाभर पाण्यात उतरला. चौसष्ट वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीसाठी हात पुढे केला. "उतर बाई. आपलं वावर आलं."

हाताला काही लागलं नाही. पण होडी हलली आणि लाल रेघ पाण्यावर आली, पाचाच्या मापाची. रुख्मिणीने न सांगता शिदोरी सोडली आणि एक तिळाची पोळी आंब्याखाली ठेवली. कडूबा तोंड फिरवून रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

परतताना वारा होता. नदीच्या मध्यावर आले तेव्हा मागून, पलीकडच्या काठावरून, बारीक आवाजात हाक आली. "कडूबा!"

होडीत त्याला आबा म्हणत, नाहीतर अहो. हे नाव त्या दिवशी कुणी घेतलं नव्हतं. आणि तो जन्मला तेव्हा त्या पोरीला जाऊन चार वर्षं झाली होती. रुख्मिणीने त्याचा दंड धरला. "ओ देऊ नका."

"कडूबा!"

सुकाणू धरून तो ताठ बसला. मायच्या हिशेबाने आवाज इथे संपायला हवा होता. त्याने श्वास धरला. संपलाच असता तर त्याला आयुष्यभर वाईट वाटलं असतं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"कडूबा!"

तिसरी होती. त्याने मागे वळून पाहिलं आणि छाती भरून ओ दिली.