उंबऱ्याबाहेरचा वॉकर

आक्का म्हणजे बनाबाई, माझी थोरली जाऊ. मुरगुडात आमची दारं लागून हायत. थोरलं दीर गेल्यापासनं ती एकटीच राहायची, आणि तिथंच मरायचं असं ठरवूनच बसलेली. गोठ्यात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापुरात ऑपरेशन झालं, तवा पुण्याचा ल्योक धैर्यशील स्पष्ट बोलला, "आई, तुझं तुला हिंडता आलं तर इथं ऱ्हा. न्हायतर माझ्याकडं चल."

पुण्याचं नाव काढलं की आक्का तोंड फिरवायची. सगळी धडपड त्यापायीच चाललेली.

मी गल्लीतनं एक जुना वॉकर मागून नेलता. दवाखान्यात चालायचा व्यायाम शिकवणाऱ्या ऋता मॅडमनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. कुणा उंच माणसाचा हुता, आक्काचं खांदं कानाला लागायचं, खालचं रबरही गुळगुळीत झालेलं. त्यांनी दुसरा आणून दिला. हात सैल सोडला की वॉकरची मूठ मनगटाशी यायला पाहिजे, असं सांगून त्याचं पाय खालीवर करून बसवला. आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला. उठताना खुर्ची दाबून उठायचं, वॉकर ओढायचा न्हाय. आक्का हट्टी, पण हुशार. घरी आल्यावर मागच्या परड्यापर्यंत जाऊन यायला लागली. मला वाटलं, जिंकली बाई.

पण आमच्या घरात देव्हारा सैपाकघरातच. वॉकर संडासात जातो, मग तो देवापुढं कसा न्यायचा? आक्का चपला काढाव्यात तसा वॉकर उंबऱ्याबाहेर ठेवायची, आणि आत भिंत धरून, पिठाच्या डब्याला हात लावत जायची.

माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, "आक्का, धुऊन देते, वर गोमूत्र शिंपडते. न्हायतर आतल्यासाठी दुसरा आणू."

"एका बाईला दोन घोडं कशाला गं? चार पावलांचं तर हाय."

"मॅडमनी काय सांगितलंय?"

"मॅडमच्या सैपाकघरात देव नसतील."

त्या बाईनं जन्मभर आंघोळीशिवाय चुलीला हात लावला न्हाय. त्या चार पावलांवर तिचं सगळं घर टेकलं हुतं, आणि तिला ते पटत नव्हतं. मला तिचा राग यायचा, आणि रागाच्या मागनं भ्याव वाटायचं.

एका सकाळी आवाज आला. पळत गेले. पिठाचा डबा आडवा झालेला, पीठ सांडलेलं, आणि आक्का देव्हाऱ्याखाली पडलेली. डब्याला धरायला गेली आणि डबाच सरकला. मी उचलायला वाकले तर म्हणाली, "आधी दिवा बघ, विझला काय." मी रडायलाच लागले.

दुसरं ऑपरेशन झालं. मॅडम येऊन बघून गेल्या, पण उभं राहायचं बोलल्या न्हाईत. पाय आखडला, आणि आक्कानंही मन घातलं न्हाय. व्यायामासाठी पायाला हात लावला की भिंतीकडं तोंड करायची.

धैर्यशील न्यायला आला त्या दिवशी गाडी दारात उभी हुती. आक्का म्हणाली, "देवाला एकदा हात जोडते, मग चला." त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि बूट न काढता सरळ सैपाकघरात नेलं. घाईत त्याच्या ध्यानातच आलं न्हाय. माझ्या तोंडातनं शब्द निघणार, एवढ्यात मी आक्काकडं बघितलं. तिची नजर त्याच्या बुटांवरच हुती. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

आज तिनं हात जोडले आणि पोराच्या खांद्यावर डोकं टेकलं.