अण्णांचा सर्वांत लहान रस्ता

माणसं पायांनी चालतात ही गोष्ट माझ्या साडूंना वयाची साठी उलटून गेल्यावर कळली. तोपर्यंत त्यांच्या लेखी जगात फक्त चाकं होती, ट्रकची, बसची, उसाच्या ट्रॅक्टरची, आणि त्या चाकांखाली पिचत पडलेले रस्ते होते. नातीगोती, सणवार, जेवणाच्या वेळा, स्वतःच्या मुलाची इयत्ता या गोष्टी दोन ट्रकांच्या मधून वाट मिळाली तरच त्यांच्या डोक्यात शिरत. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, आणि त्यांच्या बायकोला आक्का म्हणायचो. बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी जन्मभर रस्ते कसे बांधावेत हे शिकवलं आणि बांधलेले का फुटतात यावर संशोधन केलं. दोघी बहिणींची घरं तिथल्याच शहापूर भागात एकाच बोळात, एकीचं या टोकाला आणि दुसरीचं त्या टोकाला, त्यामुळे या विद्वत्तेचा लाभ आम्हाला न मागता मिळत असे.

अण्णा गाडीत बसले की डोळे मिटून घेत. नवख्या माणसाला वाटे, झोपले. पण जरा वेळानं ते डोळे न उघडताच सांगत, "काकती गेलं." मग, "तवंदीचा घाट लागला. इथं थर उखडून परत टाकलाय, पण घाईत टाकलाय." मी थक्क होऊन विचारलं तर म्हणाले, "रस्ता डोळ्यांनी बघायचा नसतोय रं, बुडानं वाचायचा असतोय." निपाणी मागं टाकून पुढं गेलं की राज्य बदलतं, तेही त्यांना बसल्या जागी कळे. आता कुठल्या बाजूचा रस्ता चांगला, हा प्रश्न आमच्या भागात साधा नाही. त्यावरून भरल्या ताटावरून उठलेली माणसं मी पाहिली आहेत. येळ्ळूरच्या एका पाहुण्यांनी एकदा मोठ्या आशेनं विचारलं, "अण्णा, खरं सांगा, चांगला रस्ता कुणाचा?" अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "दोन्हीकडं पाणी मुरतंय." ते बिचारे डांबराच्या थराबद्दल बोलत होते. पाहुणे मात्र एकदम गंभीर झाले आणि कोल्हापूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले.

माझ्या पुतण्यासाठी निपाणीला मुलगी बघायला निघालो होतो, तेव्हाची गोष्ट. वाटेत अण्णांनी गाडी थांबवायला लावली, कारण रस्त्याला मगरीच्या पाठीसारखे तडे गेल्याचं त्यांना बसल्या जागी कळलं. आम्ही सगळे कडक इस्त्रीचे कपडे घालून उन्हात उभे, आणि हे उकिडवे बसून पेनाच्या टोकानं तडा उकरताहेत. शेवटी सुटलेला डांबराचा एक तुकडा रुमालात बांधून ते गाडीत बसले. मुलीच्या घरी पोहोचेपर्यंत पोहे थंड झाले होते. अण्णांनी हातातलं गाठोडं कुठं ठेवावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि नारळ-पानसुपारीच्या तबकात ठेवून दिलं. मुलीच्या आईनं ती आमच्या कुळाचाराची काही वस्तू असेल असं समजून त्या डांबराला भक्तिभावानं हळदकुंकू लावलं. अण्णांनी हरकत घेतली नाही. तरीही लग्न जमलं, हे आमच्या पुतण्याचं नशीब.

आमच्या बेळगावात फौंड्र्या पुष्कळ. ओतकामात जळून काळी पडलेली वाळू तिथं ढिगांनी टाकून दिलेली असते. ती सिमेंटमध्ये मिसळून रस्त्याला घालायचे ब्लॉक करता येतील का, हा अण्णांचा नोकरीच्या शेवटच्या बऱ्याच वर्षांचा ध्यास. असे नमुन्याचे ठोकळे पक्के व्हायला पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. कॉलेजातल्या हौदात पोरं हात धुतात म्हणून अण्णांनी ते घरच्या हौदात आणून ठेवले. आक्कांना आंघोळीचं पाणी घेताना आधी ठोकळे चुकवून तांब्या बुडवावा लागे. "मलाबी ठेवा म्हणावं महिनाभर पाण्यात," त्या माझ्या बायकोला सांगत, "गुडघे तरी मजबूत हुतील." एकदा त्यातला एक ठोकळा नाहीसा झाला. अण्णांनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. अखेर तो स्वयंपाकघरात सापडला, फडक्यात बांधलेल्या दह्यावर वजन म्हणून. आक्का श्रीखंडासाठी चक्का करत होत्या. आता भांडण होणार म्हणून आम्ही श्वास रोखून उभे, तर अण्णांनी ठोकळा उचलला, चारी बाजूंनी निरखला आणि विचारलं, "पाणी सगळीकडनं सारखं निथळलं का गं?" आक्का म्हणाल्या, "सारखं निथळलं. आता तेवढा धुवून परत द्या, अजून जरा घट्ट व्हायला पायजे."

अशा या आक्कांना एके दिवशी सकाळी पोळी लाटता लाटता अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, हातही बऱ्यापैकी परत आला, पण डावा पाय उचलेना. लहानपणी वडिलांच्या हातमागावर बसून पावड्या मारलेले ते पाय. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. त्यावर आक्कांनी घरात येरझाऱ्या घालायला साफ नकार दिला. "भिंतीला शिवून माघारी यायचं, हे कसलं चालणं? मी चालत धाकटीच्या घरी जाणार," त्या म्हणाल्या. "आणि कुणी धरायचं न्हाय मला." धाकटी म्हणजे माझी बायको.

त्या संध्याकाळी आक्का चार पायांची काठी घेऊन निघाल्या आणि शेजारच्या दारापर्यंतही पोहोचल्या नाहीत. गटारावरची एक फरशी वर, दुसरी खाली. प्रत्येकानं मोटारसायकल घरात चढवायला दारापुढं केलेला सिमेंटचा उतार. मध्येच विजेचा खांब. आक्का थांबल्या, इकडंतिकडं बघितलं आणि मागं वळल्या. अण्णा उंबऱ्यात उभे राहून बघत होते. ज्या माणसानं शेकडो मैलांच्या रस्त्याची नाडी पाहिली, त्यानं स्वतःच्या दारातला बोळ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला थट्टा करायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा उंचसखल मोजायची पाणसळ आणि सुतळी घेऊन गटाराकडेला बसले ते बसलेच. बोळाच्या एका कडेनं, त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत, एक माणूस चालेल एवढ्या रुंदीची पट्टी घालायची, ब्लॉक आपल्या काळ्या वाळूचेच, असं ठरलं. कार्पोरेशनमधला साहेब त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. तो हात जोडून दर वेळी "नोडोण सर," म्हणजे 'बघू या सर', एवढंच म्हणायचा. शेवटी कंटाळून म्हणाला, "करा सर, पण माझं नाव कुठं घेऊ नका." दारापुढचे उतार काढून घ्यायला अण्णा घरोघर फिरले, आणि जन्मात कुणाकडं चहा न प्यालेल्या या माणसानं त्या महिन्यात सबंध बोळाचा चहा प्यायला. पट्टी पुरी झाल्यावर कुणी तिच्यावर गाडी लावली तर ते खुर्ची आणून गाडीशेजारी बसत आणि मालक येईपर्यंत वर्तमानपत्र वाचत. रागवत नसत. मालकच ओशाळून गाडी हलवी.

पट्टी फार देखणी झाली होती, हे सांगायलाच हवं. आक्का डावा पाय उचलत नव्हत्या, ओढत होत्या. ओढलेला पाय कुठं अडकू नये म्हणून अण्णांनी एकेका ब्लॉकचा चेहरा घोटून गुळगुळीत करून घेतला होता आणि सांधे असे मिळवले होते की हात फिरवला तरी कळू नये. पहिल्या दिवशी आक्का आमच्या दारात पोहोचल्या तेव्हा घामानं निथळत होत्या. माझी बायको धरायला धावली तर ओरडल्या, "हात लावू नकोस! आत जाऊन चहा ठेव." मग आत येऊन बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. दोघी बहिणी रडत होत्या, चहा उतू गेला, आणि अण्णा बाहेर पट्टीवर बसून शेवटचा ब्लॉक तळव्यानं पुसत होते. इतका सुखी माणूस मी फार क्वचित बघितला आहे. त्यानंतर आक्का रोज संध्याकाळी येऊ लागल्या.

एका सकाळी माझ्या बायकोला ताप असल्याचं आक्कांना कळलं. संध्याकाळची वाट बघायचा त्यांचा स्वभाव नव्हता. अण्णा दूध आणायला गेलेले. त्या तशाच निघाल्या. सकाळच्या वेळी आमच्या बोळात दारोदार सडा पडलेला असतो. घोटलेल्या पट्टीवर पाणी होतं, आणि आक्कांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर त्या उभ्या राहिल्या नाहीत.

रस्ता ओला झाला की चाकाला धरायला तो खरखरीतच लागतो, हे अण्णांनी आयुष्यभर प्रत्येक वर्गाला शिकवलं होतं. तिथं हे वाक्य ते फळ्यावर लिहायचे आणि खाली दोनदा रेघ मारायचे. बोळातल्या बायका रडत त्यांच्याकडं आल्या. "अण्णा, आम्हीच सडा घातलेला वो, आमचंच चुकलं." अण्णा म्हणाले, "सडा तुम्ही आजपासनं घालताय व्हय? सडा पडतोय हे मला ठाऊक पायजे होतं. चाकाचं सगळं कळलं मला. हिच्या पायाचंच तेवढं न्हाय कळलं." मग ते खाली बसले. मी शेजारी बसलो. 

काही दिवसांनी बोळात टक् टक् आवाज येऊ लागला. अण्णा हातोडी आणि छिन्नी घेऊन पट्टीला टाकी लावत होते, जुन्या काळी गुळगुळीत झालेल्या पाट्याला लावायचे तशी. एकेक ब्लॉक. मजूर लावू या म्हटलं तर ऐकेनात. हाताला फोड आले, फुटले, त्यावर चिंधी बांधून ते पुन्हा बसत. आक्कांची खाट खिडकीशी होती. एके दिवशी मी आणि बायको त्यांच्याजवळ बसलो असताना त्यांनी खिडकीतून हाक मारली, "आवो, पुरे करा आता. आमच्या आईचा पाटा वरचेवर गुळगुळीत व्हायचा. टाकीवाली आली की टाकी लावून घ्यायचो. त्यात कुणाची चूक असती काय?"

अण्णांनी मान वर केली नाही. "तो वापरून गुळगुळीत झालता. हा मी हातानं केलता."

"माझ्यासाठीच केलता न्हवं?" आक्का म्हणाल्या. "मग माझं मी बघून घेते. तुम्ही जेवायला या."

पट्टी पुरी खरखरीत झाल्यावर आक्कांनी हट्ट धरला, चाकाच्या खुर्चीतून का होईना, धाकटीच्या घरी न्या. अण्णा तयार होईनात. जन्मभर चाकांचा विचार केलेला हा माणूस म्हणाला, "टाकी मारल्यावर चाकाला धक्के बसत्यात गं. हाड दुखेल तुझं."

"बसूदेत की," आक्का म्हणाल्या. "घरात पडून कुठला धक्का बसतोय मला? तेवढं तरी कळूदे, कुठंतरी निघालोय म्हणून."

अण्णांनी त्यांना आणलं. मी दारात उभा राहून बघत होतो. एवढासा बोळ, पण त्यांना यायला किती वेळ लागला! प्रत्येक धक्क्याला अण्णांचं तोंड वाकडं होत होतं आणि आक्का खुर्चीचे दांडे धरून हसत होत्या. पुढं बरेच दिवस त्या तशा येत राहिल्या, आणि मग हिवाळ्यात न्यूमोनियानं गेल्या.

अण्णा अजून संध्याकाळी आमच्याकडं येतात. रस्त्यांबद्दल बोलत नाहीत, मीही विषय काढत नाही. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसतो. बोळातली म्हातारी माणसं आता झाडून सगळी त्या पट्टीवरूनच चालतात. परवा एक आजी काठी टेकत आल्या. मुलाकडं नव्यानं राहायला आलेल्या, आमची कुणाची ओळख नव्हती. दम खायला आमच्यापुढं थांबल्या आणि म्हणाल्या, "हा रस्ता कुणी केलाय वो? लई चांगला केलाय. पाय कसा धरून ऱ्हातोय बघा, पाणी असलं तरीबी."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आमच्या मालकिणीनं करून घेतला," ते म्हणाले.

"व्हय? मग भेटायला पायजे त्यास्नी एकदा," आजी म्हणाल्या.

अण्णांनी नुसती मान हलवली. आजी पुढं निघाल्या, आणि त्या वळणाआड जाईपर्यंत अण्णा त्यांच्या पायांकडं बघत राहिले.